मावशींची नात फ्रान्सला निघाली

(सामुदायिक रेडिओवर दिलेलं भाषण, मासिकासाठी थोडं वाढवून)



गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते वहीत चढवून झाले, चहा आला. तेवढ्यात गटातल्या सगळ्यांत वयस्कर मावशी म्हणाल्या, "ताई, माझी नात पुण्याला फ्रेंच शिकते. आता कॉलेजातर्फे वर्षभरासाठी तिकडंच निघालीय. मला म्हणते, आजी, तिकडचं काय बघून येऊ ते सांग. आता मी काय सांगू? तुम्ही बीए झालाय, तुम्हीच सांगा."

मी पटकन म्हणाले, "आयफेल टॉवर."

"त्यो लोखंडी मनोरा व्हय? त्यो तर टीव्हीवर दिसतो. आणिक काय?"

पुढं मला काही बोलता आलं नाही. सगळ्या हसल्या, मीही हसले. पण घरी आल्यावर बीएच्या इतिहासाच्या जुन्या वह्या काढल्या, वाचनालयातून दोन पुस्तकं आणली, पंधरा दिवस रात्री वाचत बसले. जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगते.

त्याच बैठकीत दुसऱ्या एक ताई म्हणाल्या होत्या, "आपल्याला तालुक्याला जायचं तरी घरात चार जणांना विचारावं लागतं. फ्रान्सचं ऐकून काय करायचं?" हा प्रश्न मी विसरलेले नाही. त्याचं उत्तर शेवटी देईन.

सुईदोऱ्यानं लिहिलेला इतिहास

फ्रान्सच्या उत्तरेला समुद्राकाठी नॉर्मंडी नावाचा प्रांत आहे. तिथल्या बायो गावात एक भरतकाम जपून ठेवलंय. तागासारख्या धाग्याचं, ज्याला लिनन म्हणतात ते कापड, त्यावर लोकरीच्या रंगीत धाग्यानं भरलेली चित्रं. रुंदी साधारण अर्धा मीटर, आणि लांबी जवळजवळ ७० मीटर! आपल्या नऊवारी साड्या एकीला एक जोडत गेलो तर आठ साड्यांहून लांब भरेल एवढी ती पट्टी आहे.

त्यावर गोष्ट आहे १०६६ सालची. नॉर्मंडीच्या विल्यम नावाच्या सरदारानं समुद्र ओलांडून इंग्लंड जिंकलं, ती लढाई. जहाजं, घोडे, मेजवानी, आकाशातला धूमकेतूसुद्धा भरलाय. नऊ तुकडे जोडून ही पट्टी केलीय, आणि काही जोड शोधावे लागतील इतके बेमालूम आहेत. रंग सगळे झाडपाल्याचे. नऊशे वर्षं होऊन गेली तरी टिकलेत.

बरीच वर्षं लोक सांगत की हे विल्यमच्या राणीनं आणि तिच्या दासींनी भरलं. आता इतिहासकार म्हणतात की विल्यमचा भाऊ बिशप होता, त्यानं हे करवून घेतलं असावं, आणि बहुधा इंग्लंडमधल्या कारागिरांनी ते भरलं असावं. ज्यांच्या बोटांनी ते भरलं त्यांचं एकीचंही नाव कुठं लिहिलेलं नाही. करवून घेणाऱ्याचं नाव राहिलं, करणाऱ्यांचं गेलं. चित्रातसुद्धा सहाशेहून जास्त माणसं आहेत, आणि त्यात बायका एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्याच.

फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली तेव्हा, १७९२ च्या सुमाराला, सैन्याच्या गाड्यांवर झाकायला म्हणून हे कापड नेणार होते. गावातल्या एका वकिलानं ते वाचवलं. बघा, एका माणसाला किंमत कळली म्हणून वाचलं.

मावशींच्या नातीसाठी एक सूचना: बायोचं संग्रहालय नूतनीकरणासाठी सप्टेंबर २०२५ पासून बंद झालंय, ते २०२७ मध्ये उघडायचं ठरलंय. दरम्यान ते कापड लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला दाखवायला द्यायचं ठरलं. तेव्हा आधी चौकशी करून मगच जायचं.

नखाएवढ्या लेसला सात तास

त्याच नॉर्मंडीत अलाँसों नावाचं गाव आहे. ते लेससाठी प्रसिद्ध आहे. ही लेस मशीनची नव्हे, हातानं, फक्त सुई आणि बारीक दोऱ्यानं करतात. चामड्यासारख्या जाड कागदावर नक्षी काढायची, रेषेवर भोकं पाडायची, त्यावर दोऱ्याचा सांगाडा बसवायचा, मग आतली जाळी आणि फुलं भरायची, आणि शेवटी कागद अलगद सोडवून घ्यायचा. एक चौरस सेंटीमीटर, म्हणजे आपल्या करंगळीच्या नखाएवढी जागा भरायला सात तास लागतात. आणि हे काम पुरतं हातात बसायला सात ते दहा वर्षं.

१६६५ साली राजाचा मंत्री कोल्बेर यानं या धंद्याला सरकारी आधार दिला. तोवर फ्रान्सचे श्रीमंत लोक इटलीतून लेस मागवत आणि पैसा बाहेर जाई. मग हजारो बायका हे काम करू लागल्या. पुढं राजे गेले, यंत्रं आली, लेस स्वस्त झाली आणि सुईची लेस मरायला टेकली. तेव्हा १९७६ साली सरकारनं अलाँसोंमध्ये एक कार्यशाळा काढली. तिथं मोजक्या कारागीर बायका पगारावर हे काम करतात आणि नव्या मुलींना शिकवतात. २०१० साली युनेस्कोनं ही कला जगाचा वारसा म्हणून नोंदवली. वारसा म्हणजे फक्त किल्ले आणि देवळं नव्हेत, हातातलं कसब हाही वारसा, असं त्यामागचं म्हणणं. गावातल्या संग्रहालयात ही लेस बघायला मिळते.

हे वाचताना मला माझ्या सासूबाई आठवल्या. त्या वाकळ शिवायच्या. साधा धावदोरा, पण टाका असा एकसारखा की पट्टी लावून मापावा. वाकळेच्या कोपऱ्याला त्या कापडाची एक तिकोनी घडी घालायच्या, त्यामुळं कोपरा कधी फाटायचा नाही. लग्न होऊन आले तेव्हा मी कॉलेजात शिकलेली, मला वाटायचं बाजारात ब्लँकेट मिळतं तर ही मेहनत कशाला. त्या म्हणायच्या, "बस जरा शेजारी, दाखवते." मी म्हणायचे, "उद्या." त्या जाऊन आता चार वर्षं झाली. घरात त्यांच्या दोन वाकळा आहेत. ती घडी कशी घातलीय ते बघायचं तर टाके उसवावे लागतील, आणि उसवायचा मला धीर होत नाही.

अलाँसोंच्या लेसचंही असंच आहे. पुस्तक वाचून ती येत नाही, शेजारी बसूनच शिकावी लागते. शेजारी बसणारी मुलगी मिळाली नाही तर आपल्या डोळ्यांदेखत कला जाते.

पावसात चालत गेलेल्या बायका

पॅरिसजवळ व्हर्सायचा राजवाडा आहे. जगभरचे लोक तो बघायला जातात. तिथला आरसेमहाल, त्यातले ३५७ आरसे, मैलभर पसरलेली बाग, कारंजी, सगळं डोळे दिपवणारं. पण मी मावशींना सांगितलं, नातीला म्हणावं, आरसे बघ आणि फाटकाशी थांबून बायकांची आठवणही काढ.

१७८९ साल. पॅरिसमध्ये पाव महागला होता, मिळेनासा झाला होता. आपली भाकरी तसा त्यांचा पाव. पोरांना खायला काय घालायचं? ५ ऑक्टोबरला सकाळी बाजारातल्या बायका, मासे विकणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, रस्त्यावर आल्या. आधी नगरपालिकेवर गेल्या. तिथं समाधान झालं नाही तेव्हा थेट राजाकडं निघाल्या. भर पावसात वीसेक किलोमीटर चालत, तोफा ओढत, हजारो बायका व्हर्सायला पोचल्या. दुसऱ्या दिवशी राजा सोळावा लुई आणि त्याची राणी यांना राजवाडा सोडून त्यांच्याबरोबर पॅरिसला यावं लागलं. राजघराणं पुन्हा तिथं कधी राहायला गेलं नाही.

या राजवाड्याच्या बागेत आणखी एक गंमत बघायला मिळते. राणी मारी आंत्वानेतनं तिथं खोटं खेडं बांधून घेतलं होतं. गवताचं छप्पर असलेली घरं, गोठा, कोंबड्या, दुधाची खोली. राजवाड्याचा कंटाळा आला की ती तिथं येई. आपल्यासारख्यांना पहाटे उठून शेण काढावं लागतं, आणि तिला खेडं म्हणजे विरंगुळा! ते खेडं आजही नीट ठेवलंय.

व्हर्साय सोमवारी बंद असतं आणि पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी. लांबून जाणाऱ्यांचा इथंच घोटाळा होतो.

श्वासानं बिघडलेली गुहा

फ्रान्सच्या नैऋत्येला माँतिन्याक गावाजवळ लास्को नावाची गुहा आहे. १९४० साली चार पोरांना ती सापडली. आत शिरून बघतात तर भिंतींवर, छतावर बैल, घोडे, हरणं! ही चित्रं सतरा हजार वर्षांपूर्वीच्या आसपासची मानली जातात. तेव्हा शेती नव्हती, गाव नव्हतं, अक्षर नव्हतं. दगडाच्या दिव्यात चरबी जाळून त्या उजेडात माणसांनी रंगाच्या मातीनं ही चित्रं काढली. एक बैल तर पाच मीटरहून लांब आहे.

१९४८ मध्ये गुहा लोकांना खुली झाली. रोज शेकडो माणसं येऊ लागली. आणि आपल्या श्वासानं काय होतं बघा. श्वासातून वाफ बाहेर पडते, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, अंगाच्या उष्णतेनं आतली हवा तापते. हजारो वर्षं बंद असलेल्या त्या हवेचा तोल गेला. भिंतीवर हिरवं शेवाळ धरलं, चुन्याचा पांढरा थर चढू लागला. शेवटी १९६३ साली सरकारनं गुहा बंद केली. लोकांचं प्रेमच तिच्या मुळावर आलं होतं.

मग त्यांनी गुहेची हुबेहूब प्रतिकृती बनवली. पहिली १९८३ मध्ये खुली झाली. पुढं २०१६ मध्ये आणखी मोठी, जवळजवळ सगळी गुहा दाखवणारी केली. लोक आता तीच बघतात. मूळ गुहा शांत आहे, आणि गावातल्या लोकांचा रोजगारही टिकला आहे. आपल्या अजिंठ्यालाही गर्दी आणि दमट हवा यांची काळजी घ्यावी लागते. म्हणून तिथं एका वेळी थोड्याच लोकांना आत सोडतात तेव्हा पहारेकऱ्यावर चिडू नये.

खिडकीतल्या पणत्या

आता सणाकडं येऊ. लियों नावाचं मोठं शहर आहे, दोन नद्यांच्या संगमावर वसलेलं. तिथं दरवर्षी ८ डिसेंबरच्या आसपास चार दिवस दिव्यांचा उत्सव असतो.

त्याची सुरुवात अशी. १८५२ साली टेकडीवर माता मेरीची मूर्ती बसवायची होती. सप्टेंबरचा मुहूर्त ठरला, पण नदीला पूर आला म्हणून तो डिसेंबरवर गेला. त्या दिवशीही वादळ आलं. आतषबाजी रद्द करायची वेळ आली. संध्याकाळी आभाळ निवळलं तेव्हा लोकांनी आपापल्या खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या आणि रस्त्यावर आले. अख्खं शहर उजळलं. तेव्हापासून त्या रात्री घरोघर खिडकीत काचेच्या पेल्यात दिवे लावतात. आता मोठमोठ्या इमारतींवर विजेच्या दिव्यांचे खेळ होतात आणि लाखो लोक बघायला येतात, पण खिडकीतले छोटे दिवे अजून आहेत. आपल्या दिवाळीची कुणालाही आठवण व्हावी असंच आहे.

याच लियोंमध्ये ल्युमिएर बंधूंचा कारखाना होता. त्यांनी १८९५ साली आपला पहिला सिनेमा काढला. किती लांबीचा? पाऊण मिनिटाचा! त्यात काय दाखवलं? काम सुटल्यावर कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडणारे कामगार. आणि त्यात बहुतेक बायका. लांब झगे, डोक्यावर टोप्या, घाईनं घरी निघालेल्या. राजा-राणी नव्हे, जगातल्या अगदी सुरुवातीच्या सिनेमात दिसतात त्या कामावरून घरी निघालेल्या बायका. त्याच वर्षी २८ डिसेंबरला पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंच्या सिनेमांचा तिकीट लावून खेळ झाला. आणि ७ जुलै १८९६ ला हे सिनेमे आपल्या मुंबईत, वॉटसन हॉटेलात दाखवले गेले. आपल्याकडं सिनेमा आला तो असा. लियोंमध्ये त्या घराचं आता संग्रहालय झालंय, आणि ज्या शेडच्या फाटकातून त्या बायका बाहेर पडल्या ती शेडही जपून ठेवलीय.

जळालं आणि पुन्हा उभं राहिलं

पॅरिसचं नोत्र दाम हे मोठं चर्च तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. ११६३ च्या सुमाराला बांधायला घेतलेलं. १५ एप्रिल २०१९ ला त्याला आग लागली. छताचं लाकूड शेकडो वर्षांचं, ते सगळं गेलं, मधला उंच कळस कोसळला. पण दगडी भिंती आणि दोन मनोरे वाचले.

ते पुन्हा उभं करायला गवंडी, सुतार, काच कारागीर, घंटा करणारे असे सुमारे दोन हजार लोक लागले. सुतारांनी ओकचे वासे जुन्या पद्धतीनं कुऱ्हाडीनं तासले. जुन्या कामाची रीत माहीत असलेली माणसं देशात शिल्लक होती म्हणून हे जमलं. डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडलं. आत जायला पैसे लागत नाहीत.

कोणत्या महिन्यात काय

फेब्रुवारीत दक्षिणेकडं माँतों गावात लिंबांचा उत्सव असतो. लिंबं आणि संत्री रचून हत्ती-घोडे, रथ, इमारती करतात. त्याच सुमाराला पॅरिसमध्ये मोठं कृषी प्रदर्शन भरतं. त्याच्या जाहिरातीत एखाद्या जातिवंत गाईचा फोटो झळकतो आणि शहरातली पोरं गाई, डुकरं, चीज बघायला रांगा लावतात. आपल्याकडच्या जनावरांच्या बाजाराची आठवण येईल असं.

२१ जूनला संगीताचा दिवस असतो. १९८२ साली तो सुरू झाला. त्या दिवशी कुणीही रस्त्यावर उभं राहून गावं, वाजवावं, ऐकायला तिकीट नाही. १४ जुलै हा त्यांचा राष्ट्रीय दिवस, संचलन आणि आतषबाजी. जुलैमध्येच आविन्यों शहरात नाटकांचा महोत्सव असतो. तो १९४७ पासून चालू आहे आणि गल्लोगल्ली नाटकं होतात.

मला सगळ्यांत आवडला तो सप्टेंबरचा वारसा दिवस. तिसऱ्या शनिवार-रविवारी, एरवी बंद असणाऱ्या इमारती लोकांना उघडतात, बहुतेक ठिकाणी फुकट. राष्ट्रपतींचा महालसुद्धा! १९८४ मध्ये फ्रान्सनं हे सुरू केलं आणि नंतर युरोपभर पसरलं.

आणि दक्षिणेचं मार्सेलिस बंदर तर आपल्याला शाळेच्या पुस्तकापासून माहीत आहे. ८ जुलै १९१० ला सावरकरांनी बोटीतून उडी मारली ती तिथंच. मराठी मुलीनं तिथला समुद्र बघून यावा.

जायचं तर तयारी

कुणाची मुलगी, नात जाणार असेल तर चार गोष्टी लक्षात ठेवा. पासपोर्ट आधी काढावा. साध्या ३६ पानी पासपोर्टची फी १५०० रुपये आहे. फिरायला जाण्याच्या व्हिसाची फी मोठ्या माणसाला ९० युरो, एक युरो अंदाजे शंभर रुपयांच्या आसपास धरा. हा व्हिसा जास्तीत जास्त ९० दिवसांचा असतो. शिकायला जाणाऱ्यांचा व्हिसा वेगळा. अठरा वर्षांखालच्या मुलांना राष्ट्रीय संग्रहालयांत तिकीट नाही, आणि तिथं राहून शिकणाऱ्या २६ वर्षांखालच्यांना अनेक ठिकाणी सूट मिळते, म्हणून ओळखपत्र जवळ ठेवावं.

आणि हे नीट ऐका. फिरायच्या व्हिसावर परदेशात नोकरी करता येत नाही. "आधी जा, काम तिकडं लावून देतो" असं म्हणणाऱ्या एजंटाला दागिना मोडून पैसे देऊ नका. आमच्याच भागात एका घरानं असे पैसे दिले. मुलगा गेला नाही आणि पैसेही परत आले नाहीत. एजंट सरकारी नोंदणी असलेला आहे का ते तपासा, आणि पासपोर्ट दुसऱ्याच्या ताब्यात देऊन मोकळ्या होऊ नका.

मग आपण काय करायचं?

आता त्या ताईंचा प्रश्न. आपण कुठं फ्रान्सला जाणार?

खरं आहे, आपल्यातल्या बहुतेक जणी जाणार नाहीत. पण एवढं वाचल्यावर मला वाटलं की बघायला जाणं हे चैनीचं काम नव्हे. बघून आल्यावर आपल्या घरातलं दिसू लागतं. मी लेसबद्दल वाचलं तेव्हा मला सासूबाईंची वाकळ दिसली. चार वर्षं ती माझ्याच अंथरुणात होती.

मागच्या आठवड्याच्या बैठकीत आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. एक, गटातल्या जुन्या बायकांना जे जे येतं, वाकळ, ओव्या, सांडगे-पापडाची मापं, देवळातल्या रांगोळ्या, ते एका वहीत लिहायचं, आणि ज्या बाईकडून घेतलं तिचं नाव पुढं लिहायचं. नाव नक्की लिहायचं. दोन, महिन्यातून एक दुपार शाळेतल्या मुलींना त्यांच्या शेजारी बसवायचं. तीन, वर्षातून एकदा गटानं सहल काढायची, देवदर्शनाशिवायची. महिन्याला पन्नास रुपये त्यासाठी वेगळे. पहिली सहल अजिंठ्याची ठरलीय. घरी विचारायचं नाही, सांगायचं, असं त्या ताईच म्हणाल्या, ज्यांनी तो प्रश्न विचारला होता.

मावशींनी नातीला फोन लावला तेव्हा मी शेजारीच होते. म्हणाल्या, "मनोरा बघ, पण त्या लेसच्या बायकांकडं जा आणि त्यांचा टाका बघून ये. आणि त्यांना सांग, माझ्या आजीलाबी एक टाका येतो म्हणावं."

पुढच्या बुधवारी दुपारी मावशींच्या ओट्यावर पहिला वर्ग आहे. सुईदोरा घेऊन मी जाणार आहे. वाकळेच्या कोपऱ्याची ती घडी त्यांना येते का, ते विचारणार आहे.

तुमच्या गटात कुणाला काय येतं ते आम्हाला जरूर कळवा.